लाल गोधडीचं पान

रळियातबेन दातणं विकायची, आणि ती विकत घेणाऱ्यावरही तिचा भरवसा नसायचा. "हा माणूस रोज दोन काड्या नेतो. घरात एकटाच आहे. मग दुसरी कुणाची?" असं ती मला विचारायची. तापीच्या काठी, पुलाच्या तोंडाशी तिची बैठक. बाभळीच्या काड्या सारख्या लांबीच्या कापून, दहादहाची जुडी ओल्या फडक्यात ठेवलेली. आमचा टेकरा, म्हणजे नदीकाठच्या उंचवट्यावरची झोपडपट्टी, उठवून आम्हाला शहराबाहेरच्या चार मजली वसाहतीत नेलं, तरी दोन बस बदलून ती त्याच पुलाशी जाऊन बसायची. इथेच का बसत नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "इथले लोक दात घासतात कशावरून?"

गेल्या माघात ती गेली. त्याच्या वर्षभर आधी घराचा पक्का कागद तिच्या लेकीच्या नावावर झाला होता. म्हणून आता सांगायला हरकत नाही.

टेकरा हलवायचं ठरलं तेव्हा नियम निघाला, की मोठ्या पुराच्या आधीपासून राहणाऱ्यालाच घर मिळणार. कागद तर पुरातच वाहून गेलेले. मग सर्व्हेवाले साहेब घरोघर बसून विचारणार होते, पूर आला तेव्हा कुठे होता, काय केलंत. आमची माणसं साहेबासमोर बसली की स्वतःचं नावही अडखळत सांगायची. मी चौतीस वर्षं फिरत्या नाटक कंपन्यांत काढलेली. सगळे माझ्या दारात. "मास्तर, काय बोलायचं ते बसवून द्या."

मी बसवून दिलं. तीन दिवस छपरावर, खाली पाणी, वर पाऊस, लांबून होडी जाते आहे, हाका पोचत नाहीत, मग लाल गोधडी काढून दोन्ही हातांनी हलवली आणि होडी वळली. 'होडी वळली' म्हणण्याआधी जरा थांबायचं, जमिनीकडे बघायचं. हे माझ्या आणि माझ्या बायकोच्या, शारदाच्या बाबतीत खरोखर घडलेलं. फक्त ती गोधडी नव्हती. कंपनी बंद पडली तेव्हा मालकानं आम्हा जुन्या नटांना दर्शनी पडद्याचा एकेक तुकडा दिला होता, तो होता. पण मखमली पडदा म्हटलं असतं तर साहेबानं विचारलं असतं, एवढे श्रीमंत आहात तर घर कशाला? म्हणून गोधडी.

चूक एवढीच झाली, की एका तोंडासाठी लिहिलेलं बोलणं मी सगळ्या गल्लीला दिलं. साहेब निरनिराळे, दिवस निरनिराळे, म्हणून तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

सगळ्यांत चांगलं पाठ झालं रळियातचं. ती टेकऱ्यावर आली पुरानंतर वर्षानं, विधवा होऊन, कडेवर लेकीला, जागृतीला घेऊन. तिनं पूर पाहिलाच नव्हता, त्यामुळे तिचं स्वतःचं काही मध्ये येत नव्हतं. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला तळमजल्यावरचं घर मिळालं. अट अशी, की पंधरा वर्षं कधीही तपासणी होईल, आणि खोटं निघालं तर घर परत.

बारा वर्षं झाली आणि वसाहतीत चित्रकलेच्या कॉलेजची मुलं आली. नऊ मुलंमुली, एक सर. उठवलेल्या वस्त्यांची चित्रकथा करणार होते. एकानं ऐकायचं, दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढायचं, तिसऱ्यानं शाई भरायची, आणि पान झालं की सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं. नको म्हटलं तर फाडायचं.

"तपासणीच आहे ही," रळियात म्हणाली. "पोरी पाठवल्यात, कारण पोरींना आपण बसायला घालतो, चहा करतो."

हंसाबेन तिच्या वरच्या मजल्यावर राहायची. ती म्हणाली, "तुला काय, कावळा ओरडला तरी कुणी पाठवलाय असं वाटतं."

"पहिलाच प्रश्न काय होता त्यांचा? कधीपासून राहता. चित्र काढणाऱ्याला ते कशाला हवं?"

झंखना नावाची एक मुलगी तिच्याकडे यायची, तिला मासी म्हणायची, म्हणजे मावशी, तर रळियातनं तीन वेगवेगळ्या रविवारी तिला वडिलांचं नाव विचारलं, बदलतं का ते बघायला. बदललं नाही, म्हणून तिचा संशय आणखी वाढला. म्हणाली, "पाठ केलंय."

तरी तिनं सांगितलं. सगळ्यांनी सांगितलं आणि आपण एकटीच गप्प, तर पहिलं बोट आपल्यावर, असा तिचा हिशेब. मुलं माझ्याकडेही आली. मी म्हटलं, पुरात मी नवसारीला भाचीकडे होतो. माझी गोष्ट बाकीच्यांनी वापरून टाकली होती, मी काय सांगणार?

चौथ्या रविवारी मुलांनी वसाहतीच्या हॉलमध्ये पानं भिंतीवर लावली. पाच पानांवर पाच छपरं आणि पाच लाल गोधड्या. सर कितीतरी वेळ बघत राहिले. मग अगदी नरमपणे म्हणाले, "ह्यातली गोधडी नक्की कुणाची? एक पान ठेवू. बाकीच्यांनी पुराचं दुसरं काही सांगा."

रळियात दाराजवळ बसली होती, ती आणखी दाराकडे सरकली.

मग हंसाबेन म्हणाली, "माझं खोडा. मी उधन्याला नणंदेकडे होते. परत आले तर पलंगावर हातभर चिखल, आणि त्यात दुसऱ्या कुणाची तरी बकरी बसलेली. ती बकरी मी सहा महिने पोसली." दुसरीला आठवलं, ती गरोदर होती आणि तिला पाण्याच्या टाकीवर बसवलं होतं. तिसरीला पाण्यावर तरंगत गेलेली देवघरातली गणपतीची तसबीर आठवली. चौथी म्हणाली, मला काहीच आठवत नाही, माझं पानच काढून टाका. प्रत्येकीजवळ स्वतःचा पूर होता. माझ्या बोलण्याखाली इतकी वर्षं तो दबून गेला होता.

उरलं एक पान. सर म्हणाले, "म्हणजे गोधडी रळियातबेनची." कुणी हसलं नाही. कुणी मान वर केली नाही.

मुलं गेल्यावर ती माझ्या घरी आली. बसली नाही.

"मास्तर, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला एकटीला उघड्यावर काढलंत. पाचांत होते तेव्हा झाकलेली होते."

"अगं, त्यांनी ती तुला दिली. तुझ्याजवळ दुसरं काही नाही हे माहीत आहे त्यांना."

"हंसानं आजवर मला कोथिंबिरीची काडी दिली नाही. ती गोधडी देणार?"

पुढच्या रविवारी झंखना पान वाचून दाखवायला आली. रळियातनं मलाही बोलावून घेतलं, साक्षीला. मुलीनं आधी वही उघडली, लिहून घेतलेलं एकदा वाचलं आणि अडखळली.

"मासी, इथे तुम्ही म्हणालात, 'मी हलवत होते, हलवत होते, पण धुळीत त्याला दिसेना.'" तिनं वर पाहिलं. "पुरात धूळ?"

रळियात काड्यांची साल काढत होती. सुरी थांबली. रंगमंचावर माणूस बोलणं विसरला की विंगेतून सांगता येतं. इथे विंग नव्हती.

"तुझ्या बापाचं नाव काय म्हणालीस?" रळियातनं विचारलं.

"जयंतीभाई. चौथ्यांदा सांगतेय."

"कुठे नोकरीला आहेत?"

"नाहीत आता, मासी. मी नववीत होते तेव्हा गेले."

मुलीनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत वहीकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाली, "मीच चुकीचं लिहून घेतलं असेल. धूळ काढून टाकू?"

"माझ्यासमोर काढ."

तिनं खोडलं. रळियातनं वही उजेडात धरून मागून पुढून पाहिली आणि परत दिली. पान जसं होतं तसं ठेवायला सांगितलं.

मुलगी गेल्यावर तिनं सुरी बाजूला ठेवली. "तुमच्या पुरात माझी धूळ शिरली, मास्तर," म्हणाली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला सांगितलं. टेकऱ्यावर येण्याआधी ती रेल्वे फाटकापलीकडच्या झोपड्यांत राहत होती. नवरा नुकताच गेलेला. भर वैशाखात रस्ता रुंद करायला मशीन आलं. ती पाण्याला गेली होती. परत येते तर शेजारची झोपडी पडलेली, मशीन तिच्या दाराशी, आणि जागृती आत घोडियात झोपलेली. घोडियुं म्हणजे आमच्याकडचा पाळणा. ती ओरडली, पण मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? तिनं ओढणी काढून हलवली. धुळीत चालवणाऱ्याला दिसेना. हात गळून जाईपर्यंत हलवली, तेव्हा तो थांबला. तिथे सर्व्हे झाला नव्हता. कुणी काही विचारलंच नव्हतं.

"मग तेच सांगायचंस ना त्या पोरीला," मी म्हटलं.

"ते सांगितलं तर पूर आला तेव्हा मी फाटकाशी होते हे निघेल. घर जाईल." तिनं परत सुरी उचलली. "एकदा मशीन थांबलं. दर वेळी थांबत नाही."

पुस्तक छापून आलं. रळियातनं आपलं पान ब्लेडनं कापून काढलं, बाजारात जाऊन प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणलं आणि घराच्या कागदांबरोबर ठेवलं.

पंधरावं वर्ष भरायला चार महिने असताना खरी तपासणी आली. चाळिशीचा एक साहेब, हातात यादी. रळियातनं मला हाक मारली. मी पोचलो तेव्हा ते पान त्याच्या हातात होतं आणि तो ते फार वेळ बघत होता.

"आम्हीसुद्धा होतो छपरावर, अडाजणला," तो म्हणाला. "लोकांना पाणी आठवतं. मला पाणी उतरल्यावरचा वास आठवतो. तुम्हाला आठवतो का, मासी? कसला होता तो?"

हे मी बसवून दिलं नव्हतं. वास मला ठाऊक होता, पण माझ्याकडे बघायची तिची हिंमत नव्हती आणि माझी बोलायची नव्हती. ती जमिनीकडे बघत राहिली. मी शिकवलेलं थांबणं नव्हतं ते.

"वास नाही आठवत, साहेब," ती म्हणाली. "हात आठवतात. खांद्यापासून असे गेले होते, की पुढे आठ दिवस पोरीला उचलता आलं नाही. तो माणूस वळून बघेपर्यंत मला वाटत होतं, बघणारच नाही. अजूनही वाटतं."

साहेबानं यादीवर खूण केली, सही केली, पान दोन्ही हातांनी परत दिलं आणि वरच्या मजल्यावर गेला.

रळियातनं जिन्यावरची त्याची पावलं मोजली. हंसाबेनचं दार वाजल्याचं ऐकू आलं, तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"अडाजणला होता म्हणे," ती हळूच म्हणाली. "कशावरून? त्यालाही कुणीतरी बसवून दिलं असेल."