सहाव्या पानावरचे कुत्रे

त्रेचाळीसच्या हिवाळ्यात आम्ही दोघे पलूसजवळच्या एका वस्तीवर लपून मुलांसाठी चित्रांचे पुस्तक छापत होतो. भूमिगत चळवळीची पत्रके मी आधीपासून लिहायचो; या पुस्तकात मजकूर माझा, चित्रे मित्राची. तो मेढ्याकडे शाळेत चित्रकला शिकवायचा. नोकरी सोडून आला होता. शाळेच्या पुस्तकांत साहेब नेहमी उभा आणि आपला माणूस नेहमी वाकलेला असे. पोरे वाचायच्या आधी वाकायला शिकत होती. या चित्रांना चित्रांनीच उत्तर द्यायचे, असे मी ठरवले होते.

घर एका विधवा मावशीचे. तिचा एकुलता एक मुलगा इंग्रजांच्या फौजेतून लढाईवर, ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला होता. चार महिने पत्र नव्हते. तरी ती आम्हाला भाकरी घालत होती आणि पोलिसांना दारातूनच परत पाठवत होती.

लाकडाचे ठसे कोरून आम्ही आठ पाने छापली. दोनशे प्रतींची पाने तिच्या सोप्यात वाळत होती. तिला अक्षर येत नव्हते, पण चित्रे ती एकेक करून पाहू लागली. गाईच्या कासेला चिकटलेली, हॅट घातलेली गोचीड पाहून खदखदून हसली.

"गोचीड लय ब्येस काढलीया रं! आमच्या मामलेदाराचं प्वाट असंच हाय."

सहाव्या पानाशी तिचे हसू थांबले. साहेबाच्या मुठीत साखळी, साखळीला कुत्रे, कुत्र्याच्या अंगात फौजी कोट आणि पायांना शिपाई गुंडाळतात तशा पट्ट्या. कल्पना माझी होती. पट्ट्या कशा गुंडाळतात हे मित्राला ठाऊक नव्हते, म्हणून भिंतीवरचा तिच्या मुलाचा फोटो पाहून त्याने त्या काढल्या होत्या.

"ह्यो कोन?"

"मावशी, हे एका माणसाचं चित्र नाही. परक्या सरकारची चाकरी करणाऱ्या सगळ्यांचं हे प्रतीक..."

"त्ये मला नगं सांगूस. माजा ल्योक हाय का न्हाई, एवढंच बोल."

मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिले.

"घरात दाना न्हवता म्हनून गेला त्यो. तवा तुजी पत्रकं जेवाय वाडत व्हती व्हय रं?"

मित्राने ठसा पुढ्यात ओढला आणि पटाशी उचलली. मी त्याचा हात धरला. "हे तासलंस तर पुस्तकात उरलं काय? घराघरातून भरती चाललीय. त्यांच्याच पोरांनी हे बघायला पाहिजे."

"शाळेच्या पुस्तकात आपला माणूस नुसता वाकला होता, गड्या," तो म्हणाला. "आपण त्याला चार पायांवर आणला."

मी हात सोडला आणि त्याने कुत्रे तासून टाकले. सहाव्या पानाच्या छापलेल्या दोनशे प्रती मी चुलीत घातल्या, तेव्हा मावशी उठून बाहेर गेली. परत आली ती भाकरी थापायला.

"खावा आन् निगा. पोलिसाला सांगनार न्हाई. पर ह्या दारात पुन्यांदा येऊ नगा."

ते पान आम्ही दुसरीकडे पुन्हा छापले. साखळीचे टोक कोऱ्या कागदात जाऊन थांबले होते. वडूजकडच्या पोरांनी विचारले, इथे काय बांधलेय? मी पान उलटले.

परक्या राजाची बंदूक खांद्यावर घेणे चूकच, हे मी आजही लिहितो, पुढेही लिहीन. पण त्या माणसाला जनावर मी केले होते, साहेबाने नव्हे.

पुढच्या वर्षी त्या वाटेने जाताना मावशी शेतात खुरपताना दिसली. तिने मान वर करून पाहिले. मुलाचे पत्र आले का, हे विचारायला मला तोंड नव्हते. मी चालत राहिलो.