सुलभाचा दुसरा सीझन

पूनम सागर सोसायटीतल्या शैला गुरवांचं दार मंगळवारी दुपारी नुसतं लोटलेलं असे. तसं कुणी ठरवलं नव्हतं, होत गेलं. आधी समोरच्या फ्लॅटमधली नीलम यायची, मग वरच्या मजल्यावरची संचिता. नीलमच्या हॉलमध्ये सासरे दिवसभर बातम्या लावून बसलेले, आणि संचिताचा नवरा रात्रपाळी करून हॉलमध्येच झोपलेला. त्यामुळे केबलवरची ‘सुलभाला सवड आहे’ ही मालिका बघायची, तर ती शैलाताईंकडेच.

मालिकाही सासऱ्यांसमोर बघण्यासारखी नव्हतीच. साठीला आलेली विधवा सुलभा विवाहमंडळात नाव घालते आणि दर आठवड्याला एकेका गृहस्थाला चहाला बोलावते. पहिल्या सीझनमध्ये ती एकाला सरळ म्हणाली होती, "रात्री पाय गार पडतात माझे, आणि मला मोजे नकोयत." नीलम हसता हसता सोफ्यावर आडवी झाली होती. अशा वेळी शैलाताई चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात जात आणि गॅस न पेटवता कान देऊन उभ्या राहत.

यजमान जाऊन तेव्हा त्यांना वर्ष होत आलं होतं. माणसं भेटायला आली, मग यायची थांबली. पुण्याचा निहार दर फोनला म्हणायचा, आई, फ्लॅट भाड्याने देऊन टाक आणि इकडे ये. बघते, म्हणून त्या विषय टाळत. इथे राहायला त्यांच्याकडे एकच कारण होतं, मंगळवार. पण मुलाला हे सांगायचं कसं?

म्हणूनच दुसऱ्या सीझनची वाट त्यांच्याइतकी कुणी पाहिली नसेल. आणि तो साफ फसला. सुलभा सुधारली. नातवाच्या मुंजीत रडली, सुनेला संस्कारांवर चार शब्द सुनावले, मागे बासरी वाजत राहिली. संचिताचं म्हणणं पडलं की लिहिणारे घाबरलेत. पहिल्या वेळी कुणीतरी बोंब मारली असणार. नीलम गवारीच्या शेंगा आणून निवडत बसू लागली, मान वर न करता. तिसऱ्या भागाला तिने सांगूनच टाकलं, "शैलाबेन, आता नाही बघवत. आजचा एपिसोड बघू, मग बस."

संचितानेही मान हलवली. शैलाताई हसून म्हणाल्या, खरंच रटाळ झालीय. मालिका नसली तरी या, एवढंच म्हणायचं होतं. पण ते तोंडून निघेना. आपापली कामं टाकून या दोघींनी आपल्याकडे उगाच का यावं?

तेवढ्यात निहारचा फोन आला. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. तो विचारत होता, काय ठरलं? त्यांचं लक्ष मात्र समोर होतं. पडद्यावर सुलभा नवऱ्याच्या तसबिरीपुढे हात जोडून उभी, ओठ थरथरताहेत, शब्द ऐकू येत नाहीत. नीलमने हातातली शेंग मोडत सुलभाच्या वतीने बोलायला सुरुवात केली, "अहो, गीझरच्या गॅरंटीचं बिल कुठे ठेवलंत ते न सांगताच गेलात."

पडद्यावर सून आत आली, तशी संचिता म्हणाली, "आई, रडून झालं असेल तर कुकर लावा."

शैलाताईंनी निहारला, नंतर बोलते, म्हणून फोन ठेवला. रिमोट मात्र उचलला नाही. आता पडद्यावर एक टक्कल पडलेले गृहस्थ दाराशी आले होते, नमस्कार करून परत फिरत होते, आणि सुलभा त्यांच्या पाठीकडे बघत होती. नीलमला काही सुचेना. संचिताने शैलाताईंकडे पाहिलं. "काकी, तुम्ही बोला ना."

"बसा ना," शैलाताई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "पंढरीनाथ गेल्यापासून पलंगाची ती बाजू रोज सकाळी झटकते मी. चुरगळलेली नसतेच, तरी झटकते."

उखाणा सोडला तर यजमानांचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं; रेशनच्या दुकानातसुद्धा त्या नुसतं कार्ड पुढे करत. आता ते असं सरळ निघून गेलं होतं, तेही परक्या बाईच्या तोंडचं म्हणून. त्यांनी पदर तोंडाला लावला. रडू येईल असं वाटलं, आणि आलं हसू.

नीलमने शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि त्यांचा हात धरला. "हे त्या सीरियलवाल्यांना विकायचं, शैलाबेन. मफतमध्ये नाही द्यायचं. पुढच्या मंगळवारी तो टकलू परत आला ना, की त्याचं मी बोलणार."

"टकलू माझा," संचिता म्हणाली. "तुम्ही सून घ्या. सूनपणाचा अनुभव आहे तुम्हाला."

पुढे सगळा सीझन त्यांनी आवाज बंद ठेवूनच पाहिला. बासरी गेली, संस्कार गेले. बाहेर कुणी विचारलं तर तिघी एकमुखाने सांगत, दुसरा सीझन बघण्यासारखा नाही. इतकं रटाळ लिहिणाऱ्या त्या अनोळखी माणसाचे मात्र शैलाताईंनी मनोमन आभार मानले. त्याला जमलं असतं, तर त्या तिघीजणी गप्प बसून बघत राहिल्या असत्या.

निहारला मात्र त्यांनी, यजमानांचं नाव निघालं त्याच मंगळवारी संध्याकाळी, आपणहून फोन केला होता. यायचं नाही, असं ठरवलंय, म्हणाल्या. कारण विचारल्यावर मंगळवारचं सांगितलं; मालिका फालतू झाल्याचंही.

"आई, पण ती सीरियल फालतू झालीय, असं तूच म्हणालीस."

"झालीय ना," त्या म्हणाल्या. "तरी दोघी येणार आहेत."