कालवफोड्यांची हजेरी

सुट्टीची ड्यूटी कशी करावी, हे माझ्या थोरल्या साडूंइतकं अख्ख्या मुंबईत कुणाला जमत नसेल. दिंडोशीला राहतात, आयुष्यभर एका कारखान्यात टाइमकीपर होते, आणि रिटायर झाल्यापासून दर थंडीत आठ दिवस कोकणात जाऊन पक्ष्यांची हजेरी घेतात. हे मी गमतीनं म्हणत नाही. त्यांच्याकडे खरोखरचा मस्टर आहे, कापडी बांधणीचा. त्यात कुरव, सुरय, चिखल्या, तुतवार अशी नावं एकाखाली एक आणि पुढे तारखांचे रकाने. दूरच्या थंड मुलखातून हजारो मैल उडत आलेला बिचारा पक्षी चार दिवस उशिरा किनाऱ्यावर उतरला, की त्याच्यापुढे तांबड्या शाईत लेट मार्क पडतो. "वाटेत वादळ लागलं असेल हो," मी एकदा म्हणालो. साडू म्हणाले, "मग बाकीचे कसे आले?"

त्यांच्याबरोबर समुद्रावर गेलात तर समुद्राकडे पाठ करून बसावं लागतं, कारण यांचे पक्षी खाडीच्या चिखलात. वेफर्सचं पाकीट न्यायचं नाही, फार वाजतं. चिवडासुद्धा सुती पिशवीतून. माझ्या बायकोनं एकदा हौसेनं पिवळाधमक ड्रेस घातला, तर साडूंनी तिला लॉजवरची मातकट चादर पांघरायला लावली. ती दुपारभर माडाखाली तशीच बसून राहिली. शेवटी एक बगळा तिच्यापासून चार हातांवर येऊन निवांत उभा राहिला. "बघ," साडू माझ्या कानात कुजबुजले, "मेव्हणी पास झाली."

मला हे खूळ कधी कळलं नाही. मी भांडुपच्या चाळीत वाढलो. आमच्याकडे सुट्टी म्हणजे दुपारची झोप. घराण्यात डिग्री घेतलेला मी पहिला, त्यामुळे चूक दिसली की तोंडावर सांगायची मला सवय, आणि त्या सवयीचा अभिमानही. लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत मी कशालाच सोडलेलं नाही. नातेवाईक त्याला आगाऊपणा म्हणतात. साडूंना मात्र माझं तेवढंच आवडायचं.

गेल्या थंडीत ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला बाजूला घेतलं. "भावजी, या वर्षी तुम्ही जा ना यांच्यासोबत. डोळ्यांचा पडदा झिजलाय. गेलेली नजर परत यायची नाही म्हणतात डॉक्टर. परवा शेजारच्यांच्या दाराला किल्ली लावत होते."

साडूंनी एसटीतच मला बजावलं. "ऐक. ज्या वर्षी माझी ओळख चुकेल, त्या वर्षी मस्टर बंद. मग घरी खुर्चीत बसायचं आणि टीव्ही ऐकायचा. तू कुणाची भीड ठेवत नाहीस, म्हणून तुला आणलाय."

ओहोटीची दुपार होती. ऊन खाडीवर सायीसारखं पसरलं होतं, माडांच्या सावल्या हलायच्या थांबल्या होत्या, लांब एक होडी वाळूवर कलंडून झोपली होती. अशा वेळी आपण किती वाजता आलो, कुठून आलो, काही आठवत नाही. साडूंनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग हलक्या आवाजात म्हणाले, "कालवफोड्या. काळे-पांढरे. सात."

हा पक्षी दोन वर्षं त्यांच्या मस्टरमध्ये गैरहजर होता. मी दुर्बीण घेतली. खाडीत खुंटांना बांधलेल्या जाळ्याचे बोये होते ते. जाळं तरंगतं ठेवणारे प्लॅस्टिकचे गोळे, ओहोटीत वाळूवर टेकलेले.

"बरोबर ना रे?"

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी दुर्बीण उगाच डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली.

"सात नाहीत," मी म्हणालो.

त्यांचा पेन धरलेला हात तसाच राहिला.

"आठ आहेत. एक जरा मागे आहे."

"मागचा सुटला होय माझा," ते म्हणाले. मस्टर मांडीवर घेऊन, कागदाला जवळजवळ नाक टेकवून त्यांनी आठ लिहिले.

मग आम्ही नुसते बसून राहिलो. उठायचं नाव कुणी काढेना. भरतीचं पाणी आवाज न करता वाळूवरून सरकत आलं, बोयांखाली शिरलं, आणि एकेक बोया उचलला गेला, हलला, उन्हात डुलू लागला. साडूंनी डोळे बारीक केले.

"निघाले वाटतं," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो, "निघाले."