तापाचं तेवढं वाक्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवीपुढं हात जोडले तरी इकडचं तिकडचं मागून मोकळी होते, याचा विषय काढत नाही. आज का सांगतेय? घर रिकामं आहे — सासू गेल्या, मुलगी सासरी, नवरा बारा-बारा तास लूमवर. बोलायला कुणी नाही. पण हे खरं कारण नाही, असं मलाच वाटतंय.

मनीषा माझी धाकटी जाऊ. साक्रीकडच्या खेड्यातून लग्न होऊन आमच्या सुरतेतल्या कोसाडच्या घरात आली तेव्हा तिला गुजरातीचा गंधही नव्हता. मी सुरतेतच वाढलेली, गुजराती शाळेत शिकलेली. दूधवाल्याशी, रेशनवर, सगळीकडे तिच्या वतीनं मीच बोलायचे. आणि मला ते आवडायचं — उगाच खोटं कशाला सांगू? दुपारी आम्ही दोघी एकाच साडीवर खडे चिकटवायला बसायचो, ती त्या टोकाला, मी या टोकाला. इतकं मनातलं मी नंतर कुणाशीच बोलले नाही.

त्या वर्षी तिला पुन्हा दिवस राहिले. धाकटं अजून अंगावर पीत होतं. हे ठेवायचं नाही, असं नवरा-बायकोनं मिळून ठरवलं, रीतसर दवाखान्यात दाखवलं, सोबत मी गेले. त्यात काही वावगं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. फक्त सासूबाईंना सांगायचं नाही, असं ठरलं.

डॉक्टरीणबाई भराभर गुजरातीत सांगत होत्या. एक गोळी तिथंच दिली, बाकीच्या दोन दिवसांनी घ्यायच्या. कळा येतील, रक्त बरंच जाईल, गाठी पडतील, मग कमी होत होत दोन आठवडे डाग दिसतील. पण तासाला दोन पॅड भिजले आणि पुढच्या तासालाही तसंच झालं, किंवा ताप दिवसभराहून जास्त राहिला, अंगावरून घाण वास यायला लागला — तर थांबायचं नाही, लगेच यायचं. ‘तमे एने समजावी देजो,’ तुम्ही हिला समजावून सांगा, असं त्या मला म्हणाल्या. मी मान डोलावली. रिक्षात अनोळखी बायका होत्या, घरी सासूबाई. मोरीत भांडी घासता घासता मी मनीषाला रक्ताचं सगळं सांगितलं. तापाचं राहून गेलं. इथपर्यंत विसरभोळेपणा म्हणता येईल.

पण मी इथं थांबले असते तर लपवायला काय होतं?

त्या श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, पहिल्यांदाच आमच्या घरी बसणार होती. इतकी वर्षं थोरल्या चुलत सासऱ्यांकडे बसायची. खानदेशातल्या माणसाला सांगायला नको — सगळी भाऊबंदकी येते, रोटाचा, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांचा गहू सोवळ्यात दळतात, घरात विटाळ असला की सगळं थांबतं. उधन्यापासून माणसं येणार होती. भिंती मी स्वतः रंगवल्या होत्या. आणि मनीषाला अजून डाग दिसत होते. बाळाचं पोट बिघडलंय, असं सांगून मी तिला मागच्या खोलीत बसवली आणि रोटाला हात लावू दिला नाही. कुणाला संशय आला नाही. मी हुशारच ना!

शुक्रवारी दुपारी तिला हुडहुडी भरली. शनिवारीही ताप होताच. गोधडी पांघरून ती म्हणाली, “जिजी, माले लई थंडी वाजी राहिनी. दवाखानामा जाऊत का?”

मी तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसला. आणि तेव्हा — हे नीट ऐका — डॉक्टरीणबाईंचं ते तापाचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवलं. विसरलेलं नव्हतंच. गादीजवळ वासही येत होता. आता तिला घेऊन निघाले तर सासूबाई कशाला म्हणून विचारतील, सगळं बाहेर येईल, आणि कानबाई परत थोरल्यांकडे जाईल.

“सगळास्ले व्हस असं,” सगळ्यांनाच होतं अशा सुरात मी म्हणाले. “रोट सरू दे, मंग जाऊत.” तापाची गोळी देऊन मी दार ओढून घेतलं.

रविवारी कानबाई बसली. घर माणसांनी भरलं होतं, सगळे माझं कौतुक करत होते आणि मी ते घेत होते. सोमवारी सकाळी विसर्जनाहून परत आले तर मनीषा मोरीत पडलेली. शुद्ध अर्धवट, ओठ पांढरे. मोठ्या दवाखान्यात नेलं. आत काही तरी राहिलं होतं, त्यात जंतू झाले होते. पिशवी साफ केली, रक्त चढवलं. दोन दिवस ती जगते की नाही ते कळत नव्हतं.

तिथल्या डॉक्टरनं गुजरातीत विचारलं, तीन दिवस ताप होता तर आणलं का नाही, कुणी समजावलं नव्हतं का? शेजारी दीर उभा होता. मी गुजरातीतच म्हणाले, मी समजावलं होतं, हिनंच ऐकलं नाही. मनीषा समोर डोळे उघडे ठेवून पडली होती. तिला एक शब्द कळला नाही.

दिरानं नंतर तिला फार बोल लावले. मग एकदा, अशक्त असताना, तिनं मला विचारलं, “जिजी, तुम्ही सांगेल व्हतं का माले?” रागानं नव्हे हो. खरंच आठवत नसल्यासारखं.

“हां,” मी म्हणाले. “तुले तापमा ध्यान नही राहिनं.”

तिनं मान हलवली. मानलं.

पुढं दिराला कडोदऱ्याला काम मिळालं, ती तिकडे गेली. साडी आता मी एकटीच दोन्ही टोकांनी संपवते. फोन केला तर ती तब्येत विचारते, मी हो-नाही करते. सगळ्यांत जवळची तीच होती आणि तिच्याशीच मला बोलता येत नाही.

गेल्या वर्षी ती आली होती. गल्लीतली एक सून नुकतीच गोळ्या घेऊन आली होती, आमच्या ओट्यावर बसली होती. मनीषा तिचा हात हातात घेऊन सांगत होती — तासाला किती पॅड, ताप किती वेळ, वास आला तर काय. सगळं बरोबर. आता तिला गुजरातीही छान येतं. शेवटी म्हणाली, माझ्या जिजीनं मला जीव तोडून समजावलं होतं गं, मीच मूर्ख, ऐकलं नाही. आणि माझ्याकडे बघून हसली.

मी चहा गाळत होते. गाळत राहिले.

हे आधी तिला सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगितलं.