फोनचा मालक मागच्या सीटवर

वसमतला आमच्या कॉलनीत लाईट गेली आणि कोणाच्या मोबाईलची बॅटरी उतरली, की तो मोबाईल घेऊन डायवरकाकांच्या दारात जायचं, अशी रीत होती. मात्र मोबाईल त्यांच्या हाती देऊन परत येता येत नसे. काका स्कूटर बाहेर काढत, पुढच्या कप्प्यातल्या सॉकेटचं रबरी झाकण उघडून वायर खोचत आणि किल्ली फिरवायच्या आधी मागच्या सीटवर दोन थापा मारत. म्हणजे बसा. फोन तुमचा आहे, तर फोनबरोबर तुम्हीही चला. कुरुंदा फाट्यापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. तेवढ्यात होईल तेवढा चार्ज.

काकांचं नाव सोपानराव. पण ते घरपट्टीच्या पावतीपुरतं. सारी नोकरी एस.टी.च्या स्टिअरिंगवर गेलेली, म्हणून लहानथोर सगळे त्यांना डायवरकाका म्हणत. त्यांच्या एस.टी.त कोणी नुसतंच एखादं गाठोडं ठेवून "पुढच्या फाट्यावर आमचा माणूस घेईल" म्हणालं, की काका इंजिन बंद करून खाली उतरत आणि गाठोडं त्या माणसाच्या पायापाशी आणून ठेवत. "धनी असंल तर माल चढंल. बेवारस सामान आपल्या गाडीत न्हाई." निवृत्त झाल्यावर गाडी बदलली, पण हा नियम तसाच राहिला. लोकांचे मोबाईल त्यांच्या दृष्टीने सामानच होते.

गाडी चालू ठेवूनच चार्जिंग करायचं, हे मात्र ते ठेच लागून शिकले होते. स्कूटर नवी असताना ते एका लग्नाला गेले. मांडवात वीज नव्हती. वऱ्हाडातली मंडळी एकामागून एक आपापला मोबाईल आणून लावू लागली आणि काका कौतुकाने किल्ली चालू ठेवून पंगतीला बसले. जेवून येतात तर सेल्फ लागेना. किक मारून मारून घाम निघाला, शेवटी नवरदेवाच्या मामांच्या किकने गाडी सुरू झाली. "मुनीम, बारा व्होल्टची असून असून केवढी ती बॅटरी? आन तिला अख्खं वऱ्हाड चिकटलेलं!" ही गोष्ट सांगताना ते स्वतःच सगळ्यांत जास्त हसत.

मुनीम म्हणजे मी. हळदीच्या आडतीत हिशेब लिहितो, म्हणून काकांनी दिलेलं नाव. मला आकड्याशिवाय चैन पडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी एकदा ताडून पाहिलं: फाट्यापर्यंतच्या एका फेरीत माझा फोन पंधरा टक्क्यांच्या पुढे कधी चढला नाही. मी तसं सांगितलं आणि सुचवलं, की गाडी दारातच उभी करून इंजिन चालू ठेवलं तरी चार्जिंग होईल. काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "उभ्या गाडीचा धूर खायला काहून बसायचं? टक्के मोजून राहिले. जरा हवा मोजा की!"

समोरच्या मंगलवहिनी एकदा दोन मोबाईल घेऊन आल्या, एक स्वतःचा आणि एक नवऱ्याचा. काकांनी त्यांचा घेतला, दुसरा परत केला. "त्यायचा फोन हाय ना? मग त्यायलाच पाठवा."

"अवो काका, ते झोपलेत."

"मग फोनलाबी झोपू द्या."

शेवटी वहिनींचा नवरा बनियनवर शर्ट चढवत बाहेर आला आणि काकांनी दोघांच्या दोन वेगळ्या फेऱ्या केल्या. दुसऱ्या फेरीहून परतताना त्याच्या हातात वहिनींसाठी फाट्यावरच्या भज्यांचा पुडा होता. त्या दोघांनी एकमेकांसाठी असं काही आणल्याला कित्येक दिवस झाले होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, काकांनाही असावं.

गादीवाले लतीफभाई अबोल माणूस. त्यांची बायको वारल्यावर तर त्यांचा आवाजच ऐकू येईना. एका दुपारी लाईट गेलेली असताना ते फोन घेऊन आले आणि काकांच्या मागे बसून गेले. नेहमीपेक्षा बऱ्याच उशिराने परतले. मी विचारलं, "काका, एवढा वेळ?" काका म्हणाले, "फाटा कवाच मागं पडला. भाई बोलून राहिले व्हते. मधीच कसं वळायचं?" लतीफभाई काय बोलले, ते काकांनी कधी सांगितलं नाही.

मग दिवस बदलले. घरोघरी इन्व्हर्टर आले, खिशात मावणाऱ्या पॉवर बँका आल्या. लाईट गेली तरी काकांच्या दारात कोणी जाईना. काकू जाऊन बराच काळ झाला होता, मुलगी उषा नांदेडला. काका ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकत, "किती टक्के हाय?" माणूस नव्वद म्हणाला, की "बराबर" म्हणून मान हलवत आणि रस्त्याकडे पाहत बसत. कोणी चाळीस म्हणाला, की लगेच उठून चपला शोधत. हे पाहायला मला बरं वाटत नसे. मग मीही दोनचारदा पॉवर बँक घरात ठेवून त्यांच्या मागे बसलो.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की स्कूटरवरचे सगळे ओरखडे डाव्या अंगाला आहेत. डावा आरसा फुटलेला, डावं इंडिकेटर चिकटपट्टीने बांधलेलं, डावीकडचा पत्रा आत गेलेला. उजवी बाजू शोरूममधून आणल्यासारखी कोरी. दुसऱ्याच आठवड्यात उषाचा फोन आला. "दादा, बाबांना काचबिंदू आहे. डाव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही, उजव्याचंही कडेचं गेलंय. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, तर माझ्याशी बोलणंच बंद केलं. माझा फोन उचलत नाहीत. तुम्ही बघा ना. कोणाचं लेकरू आडवं आलं तर?"

त्या दिवशी संध्याकाळी मी काकांच्या दारात गेलो. म्हणालो, "काका, फोन लावायचा होता." त्यांनी वायर खोचली, सीटवर थापा मारल्या, आम्ही निघालो. मी त्यांच्या खांद्यावरून रस्ता पाहत होतो. गतिरोधक आला की वेग बरोबर कमी होई, वळणावर हॉर्न वाजे. पण डावीकडच्या गल्लीतून एक मालरिक्षा निघाली, तेव्हा काकांनी ब्रेक दाबला नाही. रिक्षावाल्याने दाबला. त्याने दिलेली शिवी मागे राहिली आणि काका म्हणाले, "कोनाला वरडला वो त्यो?"

फाट्यावर चहा घेतला. काकांनी कप्प्यातून माझा फोन काढला आणि उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेला. मला ते थांबवता आलं नाही.

"ब्याण्णव टक्के," ते म्हणाले. "मुनीम, तुमचा फोन तर भरलेलाच हाय. मग काहून बसलाव?"

मी फोन परत घेऊन खिशात घातला.

"उषीनं लावलं व्हय तुमाला मागं?"

"हो काका. तिनं सांगितलं. आणि आता येताना मी पाहिलंसुद्धा. ती रिक्षा तुम्हाला दिसली नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. रागावतील असं वाटलं होतं, पण आवाज चढला नाही. "गाडी ठिवली तर माझ्याकडं कोन यील, ते सांगा. तुमी हिशेबाचे मानूस ना? मांडा हिशेब."

मी म्हणालो, "मी येईन."

"एक झाला. पुढं?"

मी बोटांवर पुढचं नाव मोजायला गेलो आणि अंगठा पहिल्याच पेरावर राहिला.

"मला ह्यो रस्ता पाठ हाय," काका म्हणाले. "डोळे मिटून सांगतो, कुठं काय हाय ते."

"मग सांगा," मी म्हणालो. "गाडी मी चालवतो. तुम्ही मागे बसा आणि खड्डान् खड्डा आधी सांगा. एकही चुकला नाही, तर उषाला मी कळवतो की काकांना रस्ता दिसतो. पुन्हा विषय काढणार नाही."

त्यांनी जरा विचार केला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. मागच्या सीटवर बसताना त्यांना पाय कुठे ठेवायचे ते समजेना. मी वाकून पायदान उघडून दिलं.

मी सावकाश चालवत होतो. मागून काकांचा आवाज येत होता, एस.टी.त असेल तसाच खणखणीत. "आता ब्रेकर. दोन हायत, बारके. हां. पुढं उजव्या अंगाला खड्डा, डावी धरा. आता बाभळीपाशी रोड दबलाय. पूल आला, हळू." सगळं बरोबर. एकही चूक नाही. माणसाने रस्ता एवढा अंगात मुरवलेला असतो, हे मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि मला वाटू लागलं की आता आपणच हरणार.

पूल ओलांडला आणि समोर डाव्या बाजूला अर्धा रस्ता व्यापून खडीचा ढीग होता. आम्ही चहा पीत होतो, तेवढ्या वेळात कोणीतरी टाकून गेलेला. मी मुद्दाम वेग कमी केला. वाट पाहिली. काका काही बोलले नाहीत. अगदी जवळ गेल्यावर मी गाडी उजवीकडे घेतली, तशी त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

"काय झालं? इथं तर सरळ हाय."

"खडी पडलीय काका. डावीकडं. मोठा ढीग आहे."

"जाताना न्हवती."

"नव्हती. आत्ताच टाकलीय."

खांद्यावरची पकड ढिली झाली, पण हात तिथेच राहिला. आम्ही तसेच काही अंतर आलो. पुढचे खड्डे मला माझे मलाच चुकवावे लागले.

मग ते म्हणाले, "गाडी बाजूला घ्या. उषीला फोन लावा."

मी लावला आणि स्पीकरवर करून त्यांच्या हातात दिला. काका मागच्या सीटवरच बसून बोलले. जेवलीस का, लेकरायची परीक्षा कवा हाय, तुमच्याकडं पानी येतं का रोज. उषा एकेका प्रश्नाला घाबरत उत्तर देत होती. इतक्या दिवसांनी आलेला तो फोन कशासाठी, हे तिला कळत नव्हतं. बाजूने उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, आवाजात निम्मं बोलणं बुडत होतं. शेवटी तिनंच विचारलं, "बाबा, तुम्ही कुठं आहात? गाडीवर आहात का?"

"व्हय," काका म्हणाले. "पर मुनीम चालवून राहिले. मी मागं बसलोय."