पाचव्या प्रकरणातले डाग

छापखान्यात त्यांना सगळे डागकाकू म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. फोटो छपाईला जाण्याआधी त्यांच्या टेबलावर यायचा आणि धूळ, ओरखडे, बोटांचे ठसे तिथेच सोडून पुढे जायचा. आधी ब्रश होता, मग संगणक आला. हात तोच राहिला.

सोमवारी तोच हात नडला.

पुस्तक होतं संगणकाला चित्रं बघायला कसं शिकवायचं याचं. लिहिणाऱ्या बाई अभियांत्रिकीच्या प्राध्यापिका. पाचव्या प्रकरणात डावीकडे ठिपक्यांनी भरलेले फोटो आणि उजवीकडे प्रोग्रामने साफ केलेले. डागकाकूंनी सवयीने डावीकडचेही घासूनपुसून लख्ख केले. प्रूफ गेलं, आणि बाईंचा मालकांना फोन आला.

"दोन्हीकडे एकच फोटो आहे! मग माझा प्रोग्राम काय हवा साफ करतो?"

मालकांनी फोन ठेवला. "करायला गेलो काय आणि झालं काय! काकू, उरलेली दीडशे चित्रं त्या दुसरीकडे देतायत."

डागकाकूंचा चेहरा उतरला. पण क्षणभरच.

"त्यांना म्हणावं, शुक्रवारपर्यंत थांबा."

"थांबून काय होणार?"

"पुस्तक वाचते."

शेजारच्या टेबलावर प्रुफं तपासणारी मुलगी फस्सकन हसली. ती साहित्याची पदवी घेऊन आलेली. "काकू, ते पुस्तक मी दोनदा तपासलंय. स्वल्पविराम सोडून काही कळलं नाही."

"मग तू स्वल्पविराम बघ. मी ठिपके बघते."

घरी नवऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. "आता या वयात इंजिनिअर होणार की काय?"

"भाजी चिरा. बोलत बसलात तर बोट कापून घ्याल."

सूत्रं आली की त्या पान उलटत. चित्र आलं की थांबत. न कळलेला शब्द वहीत लिहून सकाळी छापखान्यात त्या प्रुफंवाल्या मुलीला विचारत. मुलीलाही तो येत नसे. मग दोघी शोधत. मंगळवारी एक गोष्ट पक्की कळली. प्रोग्राम प्रत्येक ठिपक्याच्या शेजाऱ्यांकडे बघतो. ठिपका त्यांच्यासारखा नसेल, तर त्याला त्यांच्यासारखा करून टाकतो.

"वेगळा दिसला की पुसला!" डागकाकू म्हणाल्या. "हे तर मीच करते. एकतीस वर्षं. आणि तेही पगार घेऊन."

बुधवारी त्यांनी मूळ फोटो काढले आणि डावीकडची चित्रं होती तशी लावली. एकेक ठिपका ताडून पाहिला. गुरुवारी दुपारी त्या बशीपाशी आल्या. एकाच पांढऱ्या बशीचे तीन फोटो, दर वेळी बशी थोडी फिरवलेली. काठावर एक निळं फूल. उजवीकडे तिन्ही बशा स्वच्छ.

त्यांनी डावीकडचे तिन्ही फोटो मोठे छापून घेतले, ओळीने मांडले आणि भिंग डोळ्याला लावलं. चहा निवून गेला. पट्टी लावून मोजलं. पुन्हा मोजलं.

"इकडे ये गं. मला सांग, धूळ बशीबरोबर फिरते का?"

"म्हणजे?"

"बाकीचे ठिपके बघ. फोटोगणिक जागा बदलतायत, कशाचा कशाला मेळ नाही. आणि हा बघ. फूल जिकडे, हा तिकडे. तिन्ही फोटोंत."

मुलीने भिंग घेतलं.

"काकू, हा डाग नाहीच."

"टवका उडालाय बशीचा. प्रोग्रामने तो पुसला. आणि सोमवारी मीही पुसला."

शुक्रवारी प्राध्यापिका स्वतः आल्या. फायली न्यायलाच आल्या होत्या, रिकामी पिशवी हातात. डागकाकू उठून उभ्या राहिल्या.

"चूक माझी होती. चित्रं होती तशी लावलीत, तपासून घ्या." मग त्यांनी बशीचे तीन फोटो पुढे सरकवले आणि फुलाशेजारच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "आता ही तुमची."

बाई उभ्याउभ्याच वाकल्या. मग बसल्या. भिंग या फोटोवरून त्या फोटोवर गेलं. पिशवी कधी खाली पडली, त्यांना कळलं नाही. त्यांनी प्रयोगशाळेत फोन लावला.

"कपाटातली पांढरी बशी काढ. निळ्या फुलाशेजारी काठावरून बोट फिरव." त्या थांबल्या. "खाच लागतेय? बरं."

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "चार वर्षं मी ही बशी 'साफ' म्हणून शिकवतेय." मग खाली पडलेली पिशवी घडी करत, "उरलेली चित्रं तुम्हीच करा."

"करीन. पण एक अट आहे."

मालक खोकले. डागकाकूंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"प्रत्येक चित्राखाली तुमच्या हाताने लिहून द्यायचं. डाग ठेवायचा की काढायचा."

मुलगी थक्क होऊन बघत राहिली. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, पेन काढलं आणि दीडशे चित्रांच्या गठ्ठ्यातलं पहिलं समोर घेतलं.

"आणि या बशीखाली काय लिहू?"

"प्रोग्राम इथे चुकला, असं लिहा," डागकाकू म्हणाल्या. "हवं तर माझंही नाव घाला त्याच्या शेजारी."