पावलांवरून फिरलेली मेंढरं

पोळा तोंडावर आला होता. सन अठ्ठेचाळीस. मानवतच्या बाजूनं रझाकारांची टोळी यायलीय, वाटेतलं एक गाव जाळलं, असा सांगावा सकाळीच गावात आला.

भिवराबाई धनगरीण होती. नवरा गेल्यापासून मेंढरं तिनंच राखली. घरात गरोदर सून तानुबाई. मुलगा उमाजी निम्मी मेंढरं घेऊन पाथरीकडं गेलेला, त्याची काही खबर नव्हती.

बायका-पोरं, म्हातारी माणसं बिरोबाच्या देवळात गोळा झाली. पुजारी धोंडीबा म्हणाला, "इथंच बसा. देव राखील."

"राखीलच की," भिवराबाई म्हणाली. "पर मामा, मेंढरं देवाच्या भरवशावर हायेत म्हणून मी कुत्रं बांधून ठेवत न्हाई. रझाकार आधी देवळातच शिरतील. ओढ्याच्या घळीत चला समदे."

धोंडीबानं देवाला हात जोडले. मग भंडाऱ्याची वाटी उचलून तोच पुढं निघाला.

माणसं घळीत उतरली. भिवराबाईनं मागं वळून पाहिलं. ओल्या काळ्या रानात पावलांची वाट उमटली होती, थेट घळीपर्यंत.

"अत्याबाई, तुमी बी या की," तानुबाई रडकुंडीला आली.

"तू खाली बस. माझं काम ऱ्हायलंय."

तिनं मेंढवाड्यातली मेंढरं सोडली आणि त्या पावलांवरून हाकली. पुन्हा फिरवली. चिखल सगळा खुरांनी कालवून गेला. "बिरोबा, माझ्या हातनं झालं ते केलं," ती पुटपुटली, "आता तू."

तेवढ्यात बंदूकवाले आलेच.

"लोगां किधर गए?"

"मी मेंढरामागची बाई, साहेब. मला काय ठावं?"

आणि घळीत एक तान्हं रडलं. त्याच क्षणी आईपासून चुकलेलं एक कोकरू ओरडलं, त्याला मेंढीनं साद दिली आणि सगळा कळपच बेंबाटला. त्यात ते रडणं बुडून गेलं. कोकराला तिनं हातही लावला नव्हता.

एक मेंढा उचलून ते गावाकडं गेले. घरं पेटली, तिचंही पेटलं. माणसं मात्र सगळी वाचली.

पुढं रझाकारांचा पाडाव झाला, तरी उमाजीचा पत्ता नव्हता. रोज ती देवाला हात जोडायची आणि मग पाथरीच्या वाटेवर भेटेल त्याला विचारत निघायची. नातू झाला त्या आठवड्यात उमाजी आला. एका हातानं लुळा, पण आला.